पिजिन सोर्समधून कंपाइल करताना: ‘फाईल सापडत नाही’ म्हणजे नेमकं काय सापडत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोसरीच्या एमआयडीसीत तुमचं छोटं मशीन शॉप आहे. नऊ संगणक आहेत, सगळे जुने, सगळ्यांवर डेबियन लिनक्स. ग्राहकांच्या ड्रॉइंगबद्दलचं बोलणं मोबाइलवरून होतं, ते मालकांना बंद करायचंय. निरोप आवाराच्या भिंतीबाहेर जाता कामा नये. त्यासाठी तुम्ही पिजिन हे चॅटचं सॉफ्टवेअर निवडलंत, आणि ‘पुढे आम्हालाच सांभाळायचं आहे’ म्हणून ते तयार न घेता सोर्समधून (मूळ कोडपासून) कंपाइल करायला घेतलंत. कॉन्फिगर (लागणाऱ्या गोष्टी आहेत का ते तपासणारी पायरी) तीनदा अडलं, कसंबसं पार पडलं, मेक (प्रत्यक्ष कंपाइल) झालं, सुडो मेक इन्स्टॉलही (ॲडमिनच्या हक्काने फायली जागेवर ठेवणं) झालं. आणि पिजिन सुरू केल्यावर उत्तर आलं: ‘लिबपर्पल.एसओ.०: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’. ती फाईल (लिबपर्पल ही पिजिनचीच लायब्ररी, म्हणजे त्याला चालायला लागणाऱ्या कोडचा गठ्ठा) तर /यूएसआर/लोकल/लिब मध्ये डोळ्यांना दिसतेय. मग सापडत नाही असं तो का म्हणतो?

(आज्ञा आपण बोलतो तशा लिहिल्या आहेत; टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाका.)

शेवटच्या अडचणीचं उत्तर एका ओळीचं आहे. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ द्या आणि पिजिन पुन्हा सुरू करा. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत तेवढ्याने ते उघडायला हवं. पण एवढंच सांगून थांबलो, तर हीच चूक उद्या दुसऱ्या नावाने तुमच्यासमोर उभी राहील. म्हणून कारण सांगतो.

सोर्समधून काहीही उभं करताना संगणक दोन वेगळ्या वेळी दोन वेगळे शोध घेतो. पहिला शोध कंपाइल करताना: हेडर फाईल (लायब्ररीत काय काय आहे ते कंपाइलरला सांगणाऱ्या) कुठे आहेत, लायब्ररी कुठे आहे, तिची आवृत्ती कोणती. हे काम कॉन्फिगर करतो आणि त्यासाठी बहुतेक वेळा पीकेजी-कॉन्फिगला विचारतो. दुसरा शोध प्रोग्रॅम चालवताना. तो घेणारा गडीच निराळा, त्याला डायनॅमिक लोडर म्हणतात. कॉन्फिगरने काय पाहिलं होतं याची त्याला खबर नसते. तो सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही, /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश या तयार यादीत बघतो, आणि त्याशिवाय /लिब व /यूएसआर/लिब सारख्या ठरलेल्या दोन-चार जागा बघतो. पेठेतल्या वाड्यात नवीन बिऱ्हाड आलं, पण दारातल्या पाटीवर नाव लागलं नाही, तर पोस्टमन पत्र परत नेतो. माणूस आत राहतोय याने काही फरक पडत नाही. एलडीकॉन्फिग म्हणजे ती पाटी नव्याने रंगवणं. मेक इन्स्टॉल फायली जागेवर ठेवतं, त्यांच्या सिमलिंक नीट करतं, पण ही यादी नव्याने बनवत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं.

यात एक बारकावा आहे. तुम्ही प्रीफिक्स (कुठे बसवायचं ती जागा) दिला नाहीत म्हणून सगळं /यूएसआर/लोकल मध्ये गेलं. डेबियनमध्ये एलडीकॉन्फिग ज्या जागा बघून यादी बनवतो त्यांत ही जागा आधीपासून असते, म्हणून लिबटूल (मेकच्या वेळी लायब्रऱ्या जोडून देणारं साधन) असं धरून चालतो की लोडरला ती सापडेलच, आणि वेगळी नोंद करत नाही. याउलट /ऑप्ट/पिजिन अशी स्वतंत्र जागा दिलीत, तर लिबटूल तो रस्ता थेट प्रोग्रॅमच्या आतच लिहून ठेवतो. याला आरपाथ म्हणतात. तिथे यादीची गरजच राहत नाही. ‘रीडएल्फ -डी’ देऊन पाहिलंत तर ‘रनपाथ’ किंवा ‘आरपाथ’ नावाची ओळ दिसेल. म्हणजे नेहमीच्या, ‘सुरक्षित’ वाटणाऱ्या जागेत ही चूक येते आणि वेगळी जागा दिली की येत नाही. नवीन माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे फाईल सापडते, पण चुकीची सापडते. तुमच्या एखाद्या संगणकावर आधी एपीटीने (डेबियनच्या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) पिजिन टाकलेलं असेल, तर त्याचं लिबपर्पल /यूएसआर/लिब मध्ये आहेच. मग नवा पिजिन आणि जुनं लिबपर्पल अशी जोडी जमते, आणि ‘सिम्बॉल लुकअप एरर: अनडिफाइन्ड सिम्बॉल’ असं काहीतरी येतं, किंवा काहीच येत नाही आणि चार दिवसांनी प्रोग्रॅम मधेच पडतो. म्हणून सवय लावून घ्या: इन्स्टॉल झाल्यावर ‘एलडीडी’ ला (प्रोग्रॅम कुठल्या लायब्रऱ्या उचलतो ते दाखवणाऱ्या आज्ञेला) पिजिनचा पूर्ण रस्ता द्या आणि पर्पलची ओळ वाचा. बाणाच्या उजवीकडे जो रस्ता दिसतो, तीच खरी लायब्ररी. आणि नुसतं ‘पिजिन’ टाइप केल्यावर जुनंच उघडत असेल, तर ‘हॅश -आर’ द्या. बॅशने जुना रस्ता लक्षात ठेवलेला असतो.

अशीच एक गोष्ट माझ्या हातून घडली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी प्रीफिक्स म्हणून सरळ /यूएसआर दिला होता, म्हणजे कुठलाच घोळ नको. त्या दिवशी सगळं छान चाललं. दोन महिन्यांनी एपीटीने नेहमीचं अपडेट केलं, माझ्या काही फायलींवर त्याच्या फायली बसल्या, काही माझ्याच राहिल्या, आणि त्या सकाळी बारा जणांचं चॅट बंद. कुठली फाईल कोणाची, हे शोधायला माझे दोन दिवस गेले. तेव्हापासून डिस्ट्रिब्युशनच्या जागेत मी स्वतः कंपाइल केलेली एकही फाईल टाकत नाही. तुम्हीही टाकू नका.

म्हणून माझं सांगणं असं की आत्ता जे झालंय ते पुसा. त्याच जुन्या सोर्स फोल्डरमध्ये जाऊन ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’, मग ‘मेक डिस्टक्लीन’, आणि पहिल्यापासून सुरुवात. तासाभराचं काम आहे.

सुरुवात डिपेन्डन्सीपासून, म्हणजे पिजिनला लागणाऱ्या इतर पॅकेजांपासून. एकेक पॅकेज शोधत बसू नका. डेबियनने पिजिन स्वतः कंपाइल केलेलं आहे, त्यामुळे त्याला काय काय लागलं याची यादी डेबियनकडेच आहे. एपीटीच्या सोर्स यादीत ‘डेब-एसआरसी’ ची ओळ चालू करा, ‘एपीटी अपडेट’ द्या, आणि मग ‘सुडो एपीटी बिल्ड-डेप पिजिन’. जीटीके २ (खिडक्या आणि बटणं काढणारी लायब्ररी), ग्लिब, लिबएक्सएमएल२, इन्टलटूल, एनएसएस किंवा ग्नूटीएलएस (टीएलएससाठी, म्हणजे निरोप कुलूपबंद करून पाठवण्यासाठी), अवाही (नेटवर्कवरची मशीनं शोधण्यासाठी), सगळ्यांची ‘-डेव्ह’ पॅकेजं एका दमात येतील. ही ‘-डेव्ह’ पॅकेजं म्हणजे काय, हे एकदा समजलं की निम्म्या चुका आपोआप कळायला लागतात. संगणकावर जीटीके आहे, त्यावर चार प्रोग्रॅम रोज चालतात, तरी कॉन्फिगर म्हणतो ‘जीटीके नाही’. कारण चालवायला लागणारी लायब्ररी वेगळ्या पॅकेजात आणि कंपाइलरला लागणाऱ्या हेडर फायली वेगळ्या पॅकेजात असतात. पुन्हा तेच दोन शोध.

तुमची तीन अडथळ्यांची यादी पाहिली. पहिला इन्टलटूलचा, ‘एक्सएमएल::पार्सर पर्ल मॉड्यूल इज रिक्वायर्ड’. तो पिजिनचा दोष नव्हे. लिबएक्सएमएल-पार्सर-पर्ल पॅकेज टाकलं की जातो. दुसरा स्क्रीनसेव्हरच्या हेडरचा. तिथे कॉन्फिगरने स्वतःच सुचवलं की हे नको असेल तर ‘--डिसेबल-स्क्रीनसेव्हर’ द्या, आणि तुम्ही दिलंत. ठीक आहे, माणूस खुर्चीत आहे की नाही हे ओळखण्यापुरतंच ते लागतं. पण तिसऱ्या अडथळ्यालाही तुम्ही तेच केलंत, आणि ते मात्र चुकलं. एनएसएस आणि ग्नूटीएलएस दोन्ही डिसेबल केलेत, म्हणजे तुमच्या पिजिनला टीएलएस उरलंच नाही. निरोप भिंतीबाहेर जाऊ नयेत हा ज्याचा हेतू, त्यानेच सगळे निरोप आणि पासवर्ड वायरवर उघडे सोडले असं झालं. ‘अडलं की डिसेबल’ ही सवय फार लवकर लागते, कारण कॉन्फिगर इतक्या सौजन्याने पर्याय सुचवतो. प्रत्येक डिसेबलपाशी स्वतःला विचारा: ही सोय मला नको आहे, की फक्त ही चूक दिसायला नको आहे?

चूक कळत नसेल तर कॉन्फिग.लॉग उघडा. तो उघडून लोक थेट शेवटाला जातात आणि तिथे व्हेरिएबलांची लांबलचक यादी पाहून बंद करतात. खरी माहिती त्या यादीच्या वर असते. ‘कॅश व्हेरिएबल्स’ असं शीर्षक शोधा आणि तिथून वर सरका. कॉन्फिगरने कोणता छोटा तुकडा कंपाइल करून पाहिला आणि कंपाइलर नेमकं काय म्हणाला, ते तिथे शब्दशः असतं. ‘सी कंपाइलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ सारखी घाबरवणारी ओळही तिथे पाहिली तर बहुधा ‘बिल्ड-इसेन्शियल’ टाकायचं राहिलं एवढीच निघते.

आता तुमच्यासाठी कॉन्फिगरची ओळ. मी असतो तर असं दिलं असतं: ‘./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/पिजिन --विथ-डायनॅमिक-पीआरपीएल्स=जॅबर,बॉन्जूर --विथ-सिस्टिम-एसएसएल-सर्ट्स=/ईटीसी/एसएसएल/सर्ट्स --डिसेबल-व्हीव्ही --डिसेबल-जीस्ट्रीमर --डिसेबल-मीनव्हाइल --डिसेबल-टीसीएल --डिसेबल-पर्ल’. पीआरपीएल म्हणजे प्रोटोकॉलचं प्लगइन. तुम्हाला एक्सएमपीपी (सर्व्हरमार्फत निरोप; जॅबर हे त्याचंच जुनं नाव) आणि बॉन्जूर (सर्व्हरशिवाय) एवढेच दोन लागणार, बाकीचे कशाला वागवायचे? व्हिडिओ-व्हॉइस नको, आणि जीस्ट्रीमर गेला की निरोपाचा आवाजही जातो. पण लेथ आणि ग्राइंडर चालू असताना तो आवाज तसाही कोणाला ऐकू येणार नाही. टीसीएल आणि पर्लची प्लगइनं तुम्ही वापरणार नाही. सिस्टिम सर्टिफिकेटचा पर्याय मात्र विसरू नका. तो दिला नाही तर पिजिन सोर्ससोबत आलेली सर्टिफिकेटं वापरतं आणि ती आपोआप ताजी होत नाहीत. डेबियनची मात्र अपडेटबरोबर होतात.

कॉन्फिगर संपला की खाली एक गोषवारा छापून येतो: कोणता यूआय बनणार, कोणते प्रोटोकॉल, कोणती एसएसएल लायब्ररी. मेक देण्याआधी हा गोषवारा सावकाश वाचायचा. प्रोटोकॉलच्या ओळीत ‘जॅबर बॉन्जूर’ दिसायला हवं. बॉन्जूर गायब असेल तर अवाहीची हेडरं मिळाली नाहीत. एसएसएलच्या ओळीत काहीतरी नाव हवंच. याच यादीत बनवणाऱ्यांनी ‘हॅज यू : येस’ अशी एक ओळ ठेवली आहे. तिचं तांत्रिक काम काही नाही, पण रात्री उशिरा एकट्याने कंपाइल करत बसलेल्या माणसाला ती दिसली की बरं वाटतं. मला अजूनही वाटतं.

मेकबद्दल फार बोलायला नको. रूट म्हणून करू नका, आपल्या साध्या खात्यातून करा. सुडो फक्त शेवटच्या इन्स्टॉलला. ‘मेक -जे२’ पुरे. दोन जीबी रॅमच्या मशीनवर आठ कामं एकदम लावून काही मिळत नाही. आणि ‘टी’ ही आज्ञा वापरून सगळं आउटपुट एका फाईलमध्येही जाऊ द्या. चूक आली तर शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो, कारण तिथे फक्त ‘एरर १’ असतं. खालून वर जाताना ‘एरर:’ असलेल्या ओळींतली सर्वात आधीची ओळ शोधायची. एखाद्या मासिकाच्या जुन्या सीडीवरचा २.१० च्या काळातला सोर्स घेतला असेल तर तो बाजूला ठेवा आणि २.१४ मालिकेतला सर्वात ताजा घ्या. जीसीसी या कंपाइलरच्या १४ व्या आवृत्तीपासून, न सांगितलेलं फंक्शन वापरणं ही सूचना न राहता सरळ चूक झाली आहे, आणि जुना सोर्स त्यावर ठेचकाळतो.

तुमच्या लॉगमध्ये आणखी एक ओळ होती, जिच्याकडे तुम्ही लक्ष दिलं नाही: ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड. युअर बिल्ड मे बी इनकम्प्लीट’. माझ्या मते तुमच्या संगणकाचं घड्याळ मागे पडलंय, आणि त्याचं कारण मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. भोसरी असो की पेठा, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची आपल्याला सवय आहे. वीज गेली, बॅटरी मेलेली, संगणक पुन्हा सुरू झाला तो जुन्या तारखेला. मेक तर फायलींच्या वेळेवरच चालतं: सोर्स हा ऑब्जेक्ट फाईलपेक्षा (त्यातून कंपाइल झालेल्या तुकड्यापेक्षा) नवा असेल तर पुन्हा कंपाइल करायचं, नाहीतर सोडून द्यायचं. वेळच खोटी असेल तर ते काहीही ठरवू शकतं. टीएलएसही तसंच: सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं आणि माणूस बिचारा पिजिनला दोष देत बसतो. बॅटरी नवी टाका. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल, आणि नऊही संगणकांसाठी एकदमच घ्या.

विजेचाच दुसरा परिणाम. मेक चालू असताना वीज गेली तर पुन्हा ‘मेक’ दिलं की ते जिथे थांबलं तिथून पुढे जातं, ही त्याची मोठी सोय. पण त्या क्षणी जी ऑब्जेक्ट फाईल लिहिली जात होती ती अर्धवट किंवा शून्य बाइटची राहू शकते, आणि मेकला ती ‘झालेली’ वाटते. मग लिंक करताना ‘फाईल नॉट रेकग्नाइज्ड: फाईल ट्रंकेटेड’ येतं. अशा वेळी डोकं न चालवता ‘मेक क्लीन’ द्यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची.

इन्स्टॉल झालं की /ऑप्ट/पिजिन/बिन मधून ते उघडेल, पण मेन्यूत दिसणार नाही, कारण डेस्कटॉप ती जागा बघत नाही. पिजिनची ‘.डेस्कटॉप’ फाईल /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये कॉपी करा आणि तिच्यातल्या ‘एक्झेक’ ओळीत पूर्ण रस्ता लिहा.

तुमचे मिस्त्री मराठीतच लिहिणार, म्हणून हे आत्ताच सांगतो, नाहीतर सगळी मेहनत इथे येऊन फसते. पिजिन २ हे जीटीके २ वर चालतं. आयबसने (मराठी टायपिंगच्या साधनाने) इतर सगळीकडे मराठी टाइप होतं आणि फक्त पिजिनच्या खिडकीत होत नाही, असं झालं तर कारण हे: आयबसचं जीटीके ३ साठीचं मॉड्यूल आहे, जीटीके २ साठीचं नाही. ‘आयबस-जीटीके’ नावाचं पॅकेज टाका (शेवटी ३ नसलेलं), लॉगआउट करून पुन्हा या. अक्षरं चौकोन दिसत असतील तर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ टाका. आणि काही झालं तरी जीटीके किंवा ग्लिब स्वतः कंपाइल करायला जाऊ नका. नवी आवृत्ती मिळते म्हणून मोह होतो, पण वेगळ्या प्रीफिक्समधलं जीटीके सिस्टिमची इनपुट मॉड्यूलं बघत नाही, आणि मराठी टायपिंग पुन्हा बंद पडतं. पिजिनचं स्वतःचं मराठी भाषांतर सोर्समधल्या ‘पीओ’ फोल्डरमध्ये आहे. लोकेल (सिस्टिमची भाषा) मराठी असेल तर मेन्यूही मराठीत येतात.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते तिच्याकडे येतो. तुम्ही लिहिलंय, ‘सोर्समधून केलं म्हणजे सुरक्षित’. ते तेवढंच खरं नाही. २०२४ मध्ये पिजिनच्या बाहेरच्या प्लगइनांच्या अधिकृत यादीत ‘एसएस-ओटीआर’ नावाचं एक प्लगइन ६ जुलैला दाखल झालं. त्याचा सोर्स दिलेलाच नव्हता, फक्त तयार बायनरी होती, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही. १६ ऑगस्टला कोणीतरी कळवलं की ते टाइप केलेलं सगळं नोंदवतं आणि स्क्रीनची चित्रं बाहेर पाठवतं. प्लगइन लगेच काढलं गेलं, आणि पुढे यादीत यायचं तर मुक्त परवाना असलाच पाहिजे असा नियम झाला. म्हणजे तुम्ही पिजिन कितीही काळजीने कंपाइल करा, ~/.पर्पल/प्लगइन्स मध्ये कोणीतरी आणून टाकलेली एक .एसओ फाईल ती सगळी काळजी वाया घालवते. शॉपमध्ये नियम करा: बाहेरचं प्लगइन नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण उघड झालं. प्रोग्रॅमर आन्द्रेस फ्रॉइन्ड यांना एसएसएच (दुरून दुसऱ्या संगणकात शिरण्याच्या) लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ लागताना दिसला, आणि त्या धाग्याने ते ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधल्या मागच्या दारापर्यंत पोहोचले. आपल्या विषयाशी त्याचा संबंध असा: ते दार उघडणारा बिल्ड स्क्रिप्टचा तुकडा गिट रिपॉझिटरीत (सोर्सच्या खुल्या साठ्यात) नव्हता, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात) होता. टारबॉलमध्ये जो तयार ‘कॉन्फिगर’ येतो तो हजारो ओळींचा असतो आणि कोणी वाचत नाही. यावर रामबाण उपाय माझ्याकडे नाही. पण टारबॉल मूळ जागेवरूनच घ्या, सोबतची ‘.एएससी’ सही ‘जीपीजी --व्हेरिफाय’ ने तपासा, आणि ती किल्ली खरंच पिजिनच्या माणसांची आहे हे दुसऱ्या वाटेने पडताळा. फारच खोलात जायचं असेल तर सोर्स रिपॉझिटरीतून घ्या (ती मर्क्युरियलमध्ये आहे, गिटमध्ये नाही) आणि ‘ऑटोजेन.एसएच’ ने कॉन्फिगर स्वतः बनवा.

आणि पासवर्ड. पिजिन २ मध्ये ‘पासवर्ड लक्षात ठेवा’ वर खूण केली की तो ~/.पर्पल/अकाउंट्स.एक्सएमएल मध्ये साध्या अक्षरांत लिहिला जातो. हे लपवलेलं नाही. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की किल्ली त्याच खोलीत ठेवून कुलूप लावण्याला अर्थ नाही. मला ते पटतं, पण तुमच्याकडे एकाच संगणकावर दोन पाळ्यांतली माणसं बसतात. प्रत्येकाला लिनक्सचं वेगळं खातं द्या, आणि तेही नसेल तर ती खूण करूच नका. गप्पांच्या नोंदीही ~/.पर्पल/लॉग्स मध्ये साध्या फायलींत राहतात, हे मालकांना आणि कामगारांना, दोघांनाही आधी सांगा.

सर्व्हरचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. नुसतं बॉन्जूर वापरलंत तर सर्व्हर लागत नाही. एका स्विचवरची मशीनं अवाहीच्या मदतीने एकमेकांना आपोआप शोधतात. दोन दिवस चालवून बघायला हे उत्तम. पण समोरचा संगणक बंद असेल तर निरोप थांबून राहत नाही, आणि सगळ्यांची एक खोली करता येत नाही. कायमची सोय हवी तर एक्सएमपीपी, आणि त्यासाठी एका मशीनवर प्रोसोडी हा सर्व्हर. तो मात्र एपीटीनेच टाका, कंपाइल करायला घेऊ नका. तुमच्या कामाची ओळ त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे: ‘मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ च्या यादीत ‘एस२एस’ (सर्व्हर-ते-सर्व्हर) लिहा. त्याने तुमचा सर्व्हर बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरशी बोलणं बंद करतो. राउटरवर ५२२२ हा पोर्ट बाहेरून उघडू नका. पिजिनमध्ये खात्याच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात सर्व्हरचा आयपी भरा आणि ‘एन्क्रिप्शन आवश्यक’ हाच पर्याय ठेवा. मालकांची मूळ अट इथे पूर्ण होते, पिजिन कुठून आणलं याने नाही.

पिजिनची निवड बरोबर की चूक? हे १९९८ च्या सुमारास मार्क स्पेन्सर यांनी ‘गेम’ या नावाने सुरू केलं, एओएलच्या मेसेंजरसाठी. ट्रेडमार्कच्या वादातून २००७ मध्ये नाव बदलून पिजिन झालं. ज्या सेवांसाठी ते लोकप्रिय झालं त्या एकेक करून बंद पडल्या: एओएलची २०१७ च्या डिसेंबरमध्ये, याहूची २०१८ च्या जुलैमध्ये, आयसीक्यू २०२४ च्या जूनमध्ये. एक्सएमपीपी टिकलं, कारण ते कोणा एका कंपनीचं नाही. २००४ पासून ते आयईटीएफचं (इंटरनेटची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रमाण आहे. उद्या पिजिन नको झालं तर सर्व्हर आणि खाती तशीच ठेवून दुसरं क्लायंट आणता येईल. पिजिन २ चं जीटीके २ जुनं झालंय, त्याची देखभाल २०२० मध्ये थांबली. तिसरी आवृत्ती मेसन या वेगळ्या बिल्ड साधनावर बांधली जाते, पण रोजच्या कामासाठी तिची वाट पाहत थांबू नका. तुमच्या जुन्या मशीनांना हलकं पिजिन २ च मानवेल.

नऊ मशीनांवर नऊदा कंपाइल करू नका. एकावर करा, /ऑप्ट/पिजिन चा टार बनवा आणि बाकीच्यांवर त्याच जागी उघडा. आरपाथ आतच असल्यामुळे रस्ता तोच राहिला पाहिजे. डेबियनची आवृत्ती सारखी हवी, आणि ‘यूनेम -एम’ चं उत्तरही. जुन्यांपैकी एखादं ३२ बिटचं निघालं तर त्याच्यासाठी वेगळं करावं लागेल. ‘-मार्च=नेटिव्ह’ देऊन कंपाइल करू नका; वेग काही कळण्याइतका वाढत नाही, आणि जुन्या प्रोसेसरवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतं. कॉपी झाल्यावर प्रत्येक मशीनवर ‘एलडीडी’ चालवा, आणि प्लगइनांच्या .एसओ फायलींवरही, ‘नॉट फाउंड’ दिसेल ते साधं, ‘-डेव्ह’ नसलेलं पॅकेज एपीटीने टाका.

नवी आवृत्ती आल्याचं आता एपीटी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्यापैकी एकाने, नाव ठरवून, महिन्यातून एकदा पिजिनची बातमी बघायची आणि सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच आठवड्यात पुन्हा कंपाइल करायचं. तसं कोणी नसेल, तर एपीटीचं पिजिन टाका. एस२एस बंद असलेला प्रोसोडी त्याच्याशीही तसाच चालेल. करायला बसलातच, तर गुरुवार सोडून बसा, आणि पुन्हा अडलं तर कॉन्फिगरचा गोषवारा, मेकमधली पहिली ‘एरर:’ ओळ आणि ‘एलडीडी’ चं आउटपुट, तिन्ही एकदम पाठवा.